वचनचिठ्ठीतले वचन आणि घरात ठेवलेला कापूस

प्रश्न
चोपडा तालुक्यातील एक भगिनी

सर्व बंधुभगिनींना प्रभूच्या नावात सलाम. माझा प्रश्न घरगुती आहे, परंतु त्यात विश्वासाची गोष्ट गुंतलेली असल्यामुळे शेजारणींशी बोलण्यापेक्षा शास्त्र वाचणाऱ्या माणसांना तो विचारावा, असे वाटले.

आमची थोडी शेती आहे आणि मुख्य पीक कापसाचे. २०२१च्या दिवाळीनंतर देणी भागवण्यासाठी आम्ही सगळा कापूस आठ हजारांच्या आतल्या भावाने देऊन टाकला आणि पुढे काही महिन्यांतच भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. ज्यांनी माल थांबवून धरला त्यांचे भले झाले. आमच्या यजमानांच्या मनात मात्र तो सल राहून गेला. यंदा त्यांनी वेचणी झाल्यापासून एक क्विंटलही विकलेला नाही.

गेल्या ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत, दरवर्षीप्रमाणे, ताटात वचनचिठ्ठ्या, म्हणजे बायबलमधले एकेक वचन लिहिलेल्या चिठ्ठ्या, ठेवल्या होत्या. यजमानांच्या हाती यिर्मया २९:११ आले : तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे परमेश्वर म्हणतो, ते वचन. घरी आल्यावर त्यांनी ती चिठ्ठी कापूस भरलेल्या खोलीच्या चौकटीवर चिकटवली. आज फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्याकडे भाव आठ हजारांच्या आसपास आहे. व्यापारी दारावर येऊन विचारतात आणि हे त्यांना परत पाठवतात. ‘देवाने मला लेखी दिले आहे, दहाच्या खाली विकणे म्हणजे अविश्वास,’ असे त्यांचे म्हणणे.

कापूस आढ्यापर्यंत गेला आहे, त्यामुळे मुलांची अंथरुणे स्वयंपाकघरात आली आहेत. कापसातल्या किड्यांमुळे धाकट्याच्या मानेवर आणि हातांवर लाल पुरळ उठले असून रात्रभर तो खाजवत असतो. माल वाळून वजनही घटते आहे. मुलीच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची आहे, सोसायटीचे पीककर्ज मार्चअखेर फेडायचे आहे आणि शेवटच्या वेचणीच्या बायांची थोडी मजुरी राहिली आहे. सासूबाई जुन्या विश्वासू आहेत, पहाटेची प्रार्थना त्यांनी कधी चुकवली नाही. त्या एवढेच म्हणतात, ‘देवले घाई नही, बँकले शे.’

मला यजमानांचा विश्वास मोडायचा नाही. म्हातारपणी मूल होईल हे देवाचे वचन ऐकून हसलेली सारा आपण होऊ नये, ही भीतीही मनात आहे. म्हणून विचारते, देवाच्या वचनावर विसंबणे म्हणजे नेमके काय? शास्त्रातले प्रत्येक वचन आपल्या प्रत्येक गरजेला लावता येते का? आणि आज कापूस विकला तर तो अविश्वास ठरेल का?


उत्तर १
शास्त्राभ्यासक, धुळे

ताई, सलाम. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : कापूस विकणे हा अविश्वास नाही. तो ठेवणे हेही आपोआप पाप ठरत नाही. ठेवण्याला वचनाचा आधार आहे की नाही, हे मात्र तपासावे लागेल आणि त्यासाठी यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायाकडे चिठ्ठीवरून न जाता पुस्तकातूनच जावे लागेल.

इ. स. पूर्व ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमातील राजा, सरदार, कारागीर आणि लोहार यांना धरून बाबेलला (बॅबिलोनला) नेले. मागे राहिलेल्या यिर्मयाने त्या बंदिवानांना जे पत्र पाठवले त्यात हे वचन आहे. त्या पत्राच्या आधीचा अध्याय यजमानांबरोबर बसून मोठ्याने वाचावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तिथे हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात सर्व लोकांसमोर सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळे परत येईल, बाबेलला नेलेली मंदिराची पात्रेही आणि माणसेही. त्याच्या बोलण्यात देवाचे नाव आहे, आशा आहे, निश्चित मुदत आहे. यिर्मयाने त्यावर काय म्हटले? ‘आमेन, परमेश्वर तसेच करो.’ त्यालाही तेच हवे होते. तरीही देवाने तसे सांगितलेले नव्हते. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेले लाकडी जू हनन्याने काढून मोडून टाकले आणि त्याच वर्षी तो मरण पावला.

यानंतर पत्र येते आणि त्यात मुदत आहे ७० वर्षांची. हिताच्या संकल्पाचे अकरावे वचन या सत्तर वर्षांच्या दहाव्या वचनाला लागूनच लिहिलेले आहे. हे पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांना परत जाणे लाभणार नव्हते, तरी ते त्यांच्यासाठी हिताचेच होते. मग त्यांनी तोवर काय करायचे? पाचव्या वचनापासून ते स्पष्ट आहे : घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. ज्या माणसाला त्या काळात ते वचन खरे मानायचे होते, त्याने सामान बांधून वेशीवर बसून राहायचे नव्हते. त्याने वाफे तयार करायचे होते.

दुसऱ्याच्या नावाने आलेले पत्र वाचून आपल्याला लिहिणाऱ्याचा स्वभाव कळतो, परंतु त्यातली मनिऑर्डर आपल्याला उचलता येत नाही. बाबेलच्या बंदिवानांना दिलेल्या वचनातून देव आपल्या लोकांना विसरत नाही हे आपल्याला खात्रीने कळते. चोपड्याच्या बाजारात कापसाचा भाव काय राहील हे त्यातून कळत नाही. यजमानांच्या चिठ्ठीत दहा हजार हा आकडा नाही. तो आकडा मागच्या हंगामातून आला आहे आणि देवाच्या सहीखाली आपणच तो लिहिला आहे. हे बोलणे कठोर वाटेल, पण आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, हे फार चालते, म्हणून लिहिले.

वचनाचा असा उपयोग धोक्याचा असतो हे प्रभूच्या परीक्षेतून दिसते. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगताना, देवदूत तुला झेलतील, असे जे म्हणतो ते ९१ व्या स्तोत्रातले, म्हणजे खरेच वचन आहे. प्रभू ते खोटे आहे असे म्हणत नाही. परमेश्वराची परीक्षा पाहू नको, असे अनुवाद या पुस्तकातले दुसरे वचन त्याच्या शेजारी ठेवतो. आपणही एका वचनाशेजारी दुसरे ठेवून पाहण्याची सवय लावली, तर पुष्कळ गोंधळ टळेल.

आता आपल्याला काय दिलेले आहे? देवाची सर्व वचने ख्रिस्तामध्ये ‘होय’ आहेत, असे पौल करिंथकरांना लिहितो (२ करिंथ १:२०). रोमकरांच्या आठव्या अध्यायात तो संकटांची जी यादी देतो त्यात दुष्काळ आणि नग्नताही आहे. ती येणार नाहीत असे न म्हणता, त्यांपैकी काहीही आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळे करू शकणार नाही, असे तो म्हणतो. तुमची सर्व गरज देव पुरवील हे वचन (फिलिप्पै ४:१९) लिहिताना तो स्वतः बंधनात होता आणि त्याच पानावर त्याने आपण भरल्यापोटी राहायला आणि उपाशी राहायलाही शिकलो आहोत असे सांगितले आहे. ही वचने लहान नाहीत. मुलाचा पुरळ, मुलीची फी, मार्चची मुदत, सगळे घेऊन देवाकडे जायला ती पुरेशी आहेत. फक्त त्यांतून भावाची हमी निघत नाही.

साराविषयी एक वाक्य. ती हसली हे खरे, पण इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात तिचे नाव विश्वासणाऱ्यांच्या यादीत आहे, तेव्हा तिची भीती धरू नका.

आणि विकण्याबद्दल शास्त्रात अगदी सरळ प्रसंग पाहिजे असेल तर २ राजे ४ वाचा. संदेष्ट्याच्या विधवेच्या घरी सावकार तिची दोन मुले गुलाम म्हणून न्यायला आला होता. देवाने तिचे तेल वाढवले. त्यानंतर अलीशाने तिला तेलाची भांडी जपून ठेव असे सांगितले नाही. जा, तेल विक, कर्ज फेड आणि उरेल त्यावर तू व तुझी मुले गुजराण करा, असे सांगितले. चमत्कार झाला तो तेलात, कर्ज फिटले ते विक्रीने.


उत्तर २
केळी उत्पादक, रावेर

धुळ्याच्या बंधूंनी शास्त्रार्थ चांगला मांडला आहे आणि हनन्याचा मुद्दा मला नाकारता येत नाही. तरीही चोपड्याच्या भाऊंची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, कापूस थांबवणारा माणूस लोभी असतोच असे नाही. या हंगामात खान्देशातल्या गावोगावी लोकांनी कापूस घरात ठेवला आहे आणि त्यांत सर्व धर्मांचे लोक आहेत. ज्याला मागच्या वेळी आठच्या आत विकून दहाचा भाव दुसऱ्याच्या पदरात पडलेला पाहावा लागला, तो यंदा थांबणारच. त्याला चिठ्ठी मिळाली नसती तरी तो थांबला असता, असा माझा अंदाज आहे. चिठ्ठीने फक्त त्याच्या थांबण्याला देवाचे नाव मिळाले. म्हणून ताईंनी वाद चिठ्ठीवर न घालता त्या सलावर बोलावे. केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क २०२२च्या एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत उठवले होते, सूतगिरण्यांची मागणी मंद आहे आणि न्यूयॉर्कच्या वायद्याचे भाव मागच्या वर्षीपेक्षा खाली आहेत. यांतले काहीही भाऊंच्या हातात नाही आणि ते त्यांच्या विश्वासाच्या मोजमापावर अवलंबूनही नाही. यंदाचा, म्हणजे २०२२-२३च्या हंगामाचा, लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,३८० रुपये आहे, म्हणजे आजचा खुला भाव त्याच्या बराच वर आहे, हेही त्यांनी शांतपणे पाहावे.

दुसरी गोष्ट, संदर्भ सोडून हाती आलेल्या वचनाने देव कोणाशीच बोलत नाही, असे मला म्हणवत नाही. आमच्याकडे दवाखान्यातल्या खाटेवर चिठ्ठीतल्या एका ओळीवर रात्र काढलेली माणसे आहेत. तिथे त्या ओळीने धीर दिला, आकडा दिला नाही. एवढा फरक राखला तर मला वचनचिठ्ठ्यांचे वावडे नाही, आणि धुळ्याच्या बंधूंचा सूर त्यांच्याबद्दल थोडा अधिक कडक झाला असे वाटते.

आम्हां केळीवाल्यांना हा प्रश्न वेगळ्या रीतीने पडतो. आमचा माल घरात ठेवता येत नाही. घड कापणीवर आला की त्या दिवशी बऱ्हाणपूरचा आणि रावेरचा जो भाव निघेल त्याने तो द्यावाच लागतो. दहा दिवस थांबलो तर झाडावरच पिकतो आणि मग गाडीही कोणी लावत नाही. वर्षभर जोपासलेल्या बागेचा हिशेब एका आठवड्यात होतो. त्यातही मे-जूनच्या वादळात घडांसह खोडे आडवी झालेली आम्ही पाहतो. अशा वर्षी यिर्मया २९:११ कोणी पाठवले तर मनात राग येतो, हे मी लपवत नाही. तेव्हा मी हबक्कूकाचा तिसरा अध्याय वाचतो, कारण तो अंजिराला फुले नाहीत, वेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत असे एकेक नुकसान मोजून मगच ‘तरीही मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन’ असे म्हणतो. याच माणसाच्या पुस्तकाची सुरुवात ‘हे परमेश्वरा, मी किती वेळ ओरडू’ अशा तक्रारीने झालेली आहे. मला त्याचा हर्ष खरा वाटतो तो त्या तक्रारीमुळे.

शेवटी एक विनंती. धान्य अडवून ठेवणाऱ्याला लोक शाप देतात, हे नीतिसूत्रे ११:२६ मधले वचन कोणी तरी भाऊंच्या तोंडावर मारील. ते टंचाईत धान्य दडवणाऱ्यासाठी आहे. व्याजाच्या ओझ्याखालच्या शेतकऱ्याने दोन पैसे जास्त मिळावेत म्हणून कापूस ठेवला तर तो त्यात बसत नाही.


उत्तर ३
प्राथमिक शिक्षिका, शहादे

दोन्ही उत्तरे वाचली. त्यांत पुष्कळ शिकण्यासारखे आहे, परंतु ताईंच्या प्रश्नातली एक ओळ दोघांच्याही नजरेतून सुटली आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा निवाडा त्याच ओळीत आहे. शेवटच्या वेचणीच्या बायांची थोडी मजुरी राहिली आहे, असे ताईंनी जाता जाता लिहिले आहे.

आमच्या मंडळीतल्या पुष्कळ बहिणी या वेचणीला जातात. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांतून पहाटे पिकअप गाडीत दाटीवाटीने उभ्या राहून त्या निघतात, कंबरेला ओटी बांधून दिवसभर बोंडे वेचतात आणि संध्याकाळी बांधावर गाठोडी काट्याला लावून किलोवर मजुरी ठरते. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांनी बोटांची टोके फाटलेली असतात, त्यामुळे रविवारी प्रभूभोजनाचा प्याला धरताना त्यांचे हात मला नेहमी दिसतात. आठवड्याच्या बाजाराला पैसे मिळाले नाहीत तर त्या घरात मीठ-मिरचीचीही अडचण होते. ‘थोडी मजुरी’ हा शब्द देणाऱ्याच्या वहीतला आहे. घेणाऱ्याच्या घरी ती थोडी नसते.

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, अशी आज्ञा आहे. याकोब तर आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हणतो की शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आणि तो आवाज सेनाधीश प्रभूच्या कानी जातो. म्हणजे ज्या खोलीच्या चौकटीवर देवाच्या हिताच्या संकल्पाची चिठ्ठी लावली आहे, त्याच खोलीतला कापूस देवापाशी दुसरे काही बोलतो आहे. त्या बायांनीही कुठे तरी रोजच्या भाकरीची प्रार्थना केली असेल आणि तिचे उत्तर ताईंच्या घरात अडकून पडले असेल. देवाची वचने तो बहुधा माणसांच्या हातून पुरी करतो. आपण एखाद्या वचनाची वाट पाहत असताना दुसऱ्या कोणाचे तरी वचन आपल्या हाती असते. हे मी भाऊंना दोष देण्यासाठी लिहीत नाही. मजुरीपुरता कापूस उद्या विकावा, त्यासाठी कुठलाही शास्त्रार्थ पूर्ण होण्याची वाट पाहू नये.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्याकडे वारंवार दिले जाते, आणि बहुतेक वेळा अर्धेच दिले जाते. प्रार्थनेवर त्यांची भिस्त होती, हे सर्वांना ठाऊक आहे. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या, तेव्हा त्यांनी त्यांना प्रार्थना शिकवली तशीच शेती, विणकाम आणि छपाईही शिकवली. विश्वासाने मागणारी ती बाई विहिरी खोदवीत होती. आणि तिला प्रत्येक मागणे मिळाले असेही नाही : एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये वारली, त्यानंतर वर्षभरातच, एप्रिल १९२२ मध्ये, रमाबाईंचेही निधन झाले. त्या शेवटच्या काळातही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नव्हते. वचन खोटे ठरले असे त्यांना वाटले असते तर ते काम हातातून गळून पडले असते.

ताई, घरी कसे बोलावे हे तुम्ही विचारले नाही, तरी सुचवते. मुलांसमोर आणि व्यापारी दारात असताना हा विषय काढू नका. चिठ्ठी काढून टाकू नका. धुळ्याच्या बंधूंनी सांगितलेले दोन अध्याय वाचण्याआधी दोघे मिळून तेरावे स्तोत्र वाचा, त्यात ‘किती वेळ’ हा प्रश्न देवालाच चार वेळा विचारलेला आहे. मागच्या वर्षीच्या नुकसानीबद्दल भाऊ देवाशी एकदाही भांडलेले नसतील, तर त्यांना ती मोकळीक मिळू द्या. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा’ असे आजारी मुलाच्या बापाने मार्काच्या नवव्या अध्यायात म्हटले आणि प्रभूने त्याला आधी विश्वास पक्का कर, मग ये, असे सांगितले नाही. आणि धाकट्याला मात्र त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, तसेच जोवर कापूस घरात आहे तोवर त्या खोलीजवळ चूल किंवा उदबत्तीही पेटवू देऊ नका.


मूळ प्रश्नकर्तीचे पुढील लिखाण

सर्वांचे मनापासून आभार. शहाद्याच्या ताईंचे उत्तर वाचून मला आधी वाईट वाटले आणि मग ते मी जसेच्या तसे यजमानांना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खेडा खरेदीच्या (गावात येऊन माल घेणाऱ्या) व्यापाऱ्याला बोलावून मजुरी आणि फीपुरता कापूस मोजून दिला. भाव त्यांना मनासारखा मिळाला नाही. बाकीच्या कापसाबद्दल त्यांचे म्हणणे अजून तेच आहे, फक्त ‘देवाने लेखी दिले’ असे ते आता म्हणत नाहीत. ‘मला अजून थोडे थांबायचे आहे’ असे म्हणतात. रावेरच्या भाऊंचे म्हणणे त्यांना पटले, असे दिसते.

एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. दहा हजारांच्या वर जेवढे मिळेल तेवढे सगळे आमच्या मंडळीच्या छताच्या कामाला देईन, असे त्यांनी उपासनेत साक्षीच्या (अनुभव सांगण्याच्या) वेळी सर्वांसमोर बोलून टाकले आहे. पंच कमिटीने ते वहीत लिहूनही घेतले. आता कमी भावात विकले तर देवाला दिलेला शब्द मोडला, असे त्यांना वाटते आणि थांबण्याचे खरे कारण कदाचित हेच असावे. याचे काय करावे?


उत्तर ४
निवृत्त पाळक, भुसावळ

ताई, मी पेन्शनवर जगतो. दर महिन्याला ठरलेली रक्कम खात्यावर जमा होणाऱ्या माणसाने शेतकऱ्याला धीर धरण्याचा उपदेश करणे सोपे असते, हे लक्षात ठेवून लिहितो.

नवस आणि वचन यांत गल्लत झाली आहे. वचन देवाकडून आपल्याकडे येते आणि त्याची जबाबदारी देवावर असते. नवस आपल्याकडून देवाकडे जातो आणि त्याची जबाबदारी आपल्यावर असते. आपण ज्या मुलखात राहतो तिथे नवसाची रीत घरोघरी आहे आणि बाप्तिस्मा झाला म्हणून ती रक्तातून एका पिढीत जात नाही. दोन पिढ्यांचे ख्रिस्ती असलेल्या घरांतही मी ‘हे झाले तर ते देईन’ असे बोलणे पुष्कळ ऐकले आहे. शास्त्रात नवसाला बंदी नाही. जुन्या करारातल्या याकोबाने बेथेलला सशर्त नवस केला (उत्पत्ती २८:२०-२२). मात्र उपदेशकाचा पाचवा अध्याय सांगतो की नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, आणि शास्ते ११ मधला इफ्ताह घाईने बोललेल्या शब्दापायी एकुलती एक मुलगी गमावून स्वतःचे घर कसे उजाड करून बसला ते आपल्याला ठाऊक आहे.

तुमच्या यजमानांच्या शब्दाची अट पाहा. दहा हजारांच्या वर मिळाले तर वरचे देईन, असा तो शब्द आहे. तेवढा भाव मिळाला नाही तर देणे निर्माणच होत नाही, मग शब्द मोडण्याचा प्रश्न कुठून येणार? तो भाव मिळेपर्यंत मी विकणारच नाही, असे काही त्यांनी देवाला सांगितलेले नाही. ते त्यांनी स्वतःच्या मनात जोडले आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. आईबापांना जे द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केलेले आहे असे म्हणून काही लोक त्यांना द्यायचे टाळत असत आणि प्रभूने त्याला देवाचे वचन रद्द करणे म्हटले. देवाच्या मंदिराच्या नावाखाली माणसाचे देणे थांबवता येत नाही, मग ते देणे आईबापांचे असो, मजुराचे असो किंवा सोसायटीचे. छताचे काम पुढच्या वर्षी होईल. पावसाळ्यात गळते, हे मी जाणतो. आम्ही भुसावळला कित्येक पावसाळे बादल्या ठेवून उपासना केल्या आहेत.

तेव्हा यजमानांनी पंच कमिटीच्या पुढच्या बैठकीत जाऊन, हा आकडा खर्चात धरू नका, भावावर अवलंबून असलेली ती इच्छा होती, जे जमेल ते मी स्वखुशीने देईन, असे सरळ सांगावे आणि वहीत तशी नोंद करून घ्यावी. यात लाजण्यासारखे काही नाही. लाज वाटली पाहिजे तर ती कमिटीला, कारण शेतातल्या न विकलेल्या मालावरचे दान वहीत लिहून घेणे हे कोणत्याही कमिटीला शोभत नाही. तुमच्या पाळकसाहेबांनाही माझे नाव न घेता सुचवा की पुढच्या ३१ डिसेंबरला चिठ्ठ्या वाटायच्या असतील तर जरूर वाटाव्यात, पण प्रत्येक चिठ्ठीच्या मागे ‘हा अध्याय पूर्ण वाचावा’ एवढे छापून घ्यावे आणि जानेवारीतल्या कॉटेज मीटिंगमध्ये (घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत) ज्याला जो अध्याय आला तो त्याच्याकडूनच वाचून घ्यावा.

उरलेला कापूस कधी विकायचा हा आता बाजाराचा आणि तुम्हां दोघांच्या विचाराचा प्रश्न आहे. त्यात मला पाळक म्हणून अधिक अधिकार नाही. सोसायटीच्या गटसचिवांना मात्र मार्च उजाडण्याआधी भेटून घ्या, कारण तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर व्याज न लागण्याची सवलत मुदतीत फेड करणाऱ्यालाच मिळते आणि ती गेली तर त्या व्याजाचा बोजा कापसाच्या भावात वाढ होऊनही भरून निघेल असे नाही.